चाकामागचा दगड

माझी गाडी डिझेलची आहे, छोटी आहे आणि बारा वर्षांची आहे. माझा चुलतभाऊ तिला डबी म्हणतो. लग्नाच्या मांडवात, चारचौघांत, पंगत बसलेली असताना तो लांबून हाक मारून विचारतो, डबी आणलीय की चालत आलास. आमचं गाव वाळवा तालुक्यातलं, जिकडे बघावं तिकडे ऊस. भावकीत ज्याच्या दारात काळी, उंच, चारही चाकं ओढणारी गाडी उभी नाही, त्याच्या शिक्षणाला कोणी विचारत नाही. ह्या गाड्या दारातून कारखान्यापर्यंत जातात, कारखान्यापासून धाब्यापर्यंत जातात आणि धुऊन पुसून परत दारात येऊन उभ्या राहतात. चारही चाकं ओढायला लावायचं बटण नेमकं कुठं असतं, हे त्यातल्या निम्म्या मालकांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, कारण चुलतभावाच्या गाडीतलं ते बटण मीच त्याला शोधून दिलं.

मी जनावरांचा डॉक्टर, सरकारी नोकर. गेली नऊ वर्षं पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला. दवाखाना खाली रस्त्याकडेला आहे आणि माझी निम्मी जनावरं वर सड्यावर. सडा म्हणजे डोंगराच्या डोक्यावरचं सपाट, उघडं रान. तिथं वारा, पवनचक्क्या आणि चार-पाच धनगरवाडे. पलीकडच्या अंगाने पवनचक्कीवाल्यांचा रुंद रस्ता आहे, पण त्याला साखळी लावलेली आणि साखळीला वॉचमन. अलीकडून जी वाट वर चढते ती वाड्यावरच्या माणसांनी पहार आणि टिकाव घेऊन स्वतः काढलेली. बैलगाडी जेमतेम मावेल एवढी. एका अंगाला दरड आणि दुसऱ्या अंगाला काही नाही, खाली लांबवर धरणाचं पाणी. त्या वाटेने माझी डबी आठवड्यातून दोनदा वर जाते आणि दोनदा खाली येते.

कशी जाते, असं लोक विचारतात. पहिल्या गिअरात जाते. डिझेलच्या छोट्या इंजिनाला घाई केलेली चालत नाही, त्याला त्याच्या चालीने ओढू द्यावं लागतं. क्लचवरून पाय काढायचा आणि विसरून जायचं. अर्धा क्लच दाबून, इंजिन गरगरवून, जळका वास सोडत चढणारे ड्रायव्हर मी खूप पाहिले आहेत, आणि त्यांच्याकडे बघून मला दर वेळी तितकाच संताप येतो. मोठा दगड दिसला की तो दोन चाकांच्या मधे घ्यायचा नाही, चाक त्याच्यावर चढवायचं, म्हणजे खालचं चेंबर फुटत नाही. हे सांगायला शाळा लागत नाही. तरी दर पावसाळ्यानंतर फुलं बघायला आलेला कोणी ना कोणी चेंबर फोडून वाटेवर तेलाची धार लावतो आणि मग फोनला रेंज नाही म्हणून सरकारला शिव्या देतो.

ही अक्कल मला माझ्या वडिलांनी दिली. ते फौजेत ड्रायव्हर होते. बर्फाच्या खिंडींतून त्यांनी पंधरा वर्षं ट्रक चालवले, आणि गावी परत आल्यावर उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांचं ड्रायव्हिंग बघून ते अंगणात बसल्या बसल्या चिडायचे. माझा स्वभाव त्यांच्यावर गेला आहे. मी ही गाडी घेतली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, हँडब्रेक ओढून बघितला, म्हणाले हा पोरखेळ आहे, आणि दुसऱ्या दिवशी बाभळीच्या ओंडक्यातून एक ठोकळा तासून आणला. तिरका, मागच्या चाकाखाली बरोबर बसणारा. त्याला भोक पाडून वावभर दोरी ओवली आणि दोरीचं दुसरं टोक गाडीच्या मागच्या हुकाला बांधलं. चढावर थांबलास की ठोकळा चाकामागे लावायचा. निघालास की तो दोरीने आपोआप ओढत येतो. सपाटी लागली, मागे खडखड ऐकू आली की थांबायचं, उचलून डिकीत टाकायचा.

आपल्याकडे सगळे दगड लावतात. ट्रकवाला, जीपवाला, एसटीवाला, चढावर गाडी उभी केली की चाकामागे दगड, आणि निघताना दगड तिथंच. मागे वळून तो बाजूला करायचा, एवढं काम कोणाच्या बापाने कोणाला शिकवलेलं नाही. कोयनेच्या घाटात वळणावळणाला असे दगड पडलेले असतात. त्यांवर अंधारात, धुक्यात मोटरसायकली आपटतात, माणसं पडतात, आणि ज्यांनी ते लावले ते तेव्हा पुढच्या गावात मिसळ खात असतात. वडील म्हणायचे, चाकामागचा दगड रस्त्यात सोडणाऱ्या माणसाला गाडी देऊ नये, गाढवही देऊ नये. ते गेल्यावर हे वाक्य मी माझं करून टाकलं. नऊ वर्षांत ते मी शंभर माणसांना ऐकवलं असेल. सड्यावरच्या एका वाड्यात चहा पिताना तर हटकून.

तो वाडा एका म्हाताऱ्याचा. बायको वारलेली, मुलगा फौजेत, घरात तो आणि त्याची तेवीस वर्षांची मुलगी. नऊ म्हशी, थोडी मेंढरं. पोरगी रोज सकाळी मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन अडकवून त्या वाटेने खाली उतरायची, दुधाच्या टेम्पोला गाठायची आणि परत यायची. त्याच्या आधी पहाटे ती पवनचक्क्यांच्या रस्त्यावर धावायची. तिला पोलिसात जायचं होतं. मागच्या भरतीला लेखीचा प्रश्नच आला नाही, ती मैदानातच राहिली. धावण्यात पहिल्या पाचात होती, गोळाफेकीत मार खाल्ला. घरात गोळा कुठून येणार. म्हणून तिने ओढ्यातून एक गोल दगड आणला, आणि वासरं तोलायचा माझा ताणकाटा मागून घेऊन त्याला तो फडक्यात बांधून लटकवला. चार किलोला थोडा कमी भरला. तो टाकून तिने दुसरा शोधला. तो बरोबर भरला. पुढे दोन वर्षं रोज संध्याकाळी ती वाड्यामागच्या कातळावर रेघ मारून तो दगड फेकायची आणि मी गेलो की विचारायची, सर, मागच्यापेक्षा लांब गेला का. नवी भरती निघाली होती, अर्ज भरला होता, मैदानी परीक्षा महिन्यावर आली होती. ह्या खेपेला ती लागणार यात मला शंका नव्हती. म्हातारा तर तिची वर्दी कुठल्या खुंटीला टांगायची ते ठरवून बसला होता.

मला तिचं कौतुक होतं, पण ती गाडी चालवायची ते बघवायचं नाही. उताराला लागली की इंजिन बंद करून न्यूट्रल. पेट्रोल वाचतं म्हणे. कॅन भरलेले, वाट अशी, आणि ही बाई वाऱ्यावर सोडल्यासारखी खाली. एकदा मी तिला वाटेवरच्या एका झऱ्याजवळ अडवलं आणि तिथंच उभं करून फैलावर घेतलं. पोलिसात जाऊन दुसऱ्यांना दंड करणार आणि स्वतः अशी चालवणार का, असंही बोललो. तिने ऐकून घेतलं. मान हलवली आणि गेली. मी धरून चाललो की हिने या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं, कारण माझं बोलणं बहुतेक जण तसंच ऐकतात.

त्या वर्षी पाऊस सरता सरता, एका रविवारी, चुलतभाऊ सड्यावरची फुलं बघायला आला. दोन काळ्या गाड्या, आठ माणसं, गाण्यांचा दणका. साखळीवाल्या वॉचमनला कसंतरी पटवून ते वर आले, आणि वर येऊन फुलांवरूनच गाड्या घालून फोटो काढत बसले. मग एक गाडी चिखलात बसली. मला फोन आला. मी डबी घेऊन वर गेलो. चुलतभाऊ घोट्यापर्यंत चिखलात उभा होता आणि त्याचे मित्र गाडीला मागून ढकलत एकमेकांना माखत होते. बटण मी शोधून दिलं ते तेव्हा. बटण दाबलं, तरी एक चाक नुसतंच फिरत राहिलं, म्हणून मी डिकीतला ठोकळा काढला, दोरी सोडली आणि त्या चाकाखाली सारला. गाडी निघाली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. चुलतभावाने मला मिठी मारून माझाही शर्ट घाण केला. म्हातारा वाड्याच्या दारात उभा राहून हे बघत होता आणि त्याची मुलगी तोंडाला ओढणी लावून हसत होती. मी दोघांना ऐकू जाईल असं म्हणालो की एवढ्या पैशाची गाडी आणि अक्कल डबीवाल्याची.

त्या ऐटीत ठोकळा मी विसरलो. तो त्यांच्या डिकीत गेला. सोमवारी लक्षात आल्यावर फोन केला, तेव्हा चुलतभाऊ मोठ्याने हसला. त्याच्या आईला डिकीत चिखलाचं लाकूड सापडलं, तिने ते चिखल खरवडून सकाळीच अंघोळीच्या बंबात घातलं होतं. बाभळीचं होतं, चांगलं जळालं म्हणे. मी त्याला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. वडिलांच्या हातची वस्तू होती हे त्याला सांगितलं तेव्हा त्याचं हसणं थांबलं, पण मी फोन आपटला.

मंगळवारी सकाळी सहाच्या आत म्हाताऱ्याचा फोन आला. म्हैस रात्रीपासून कळा देत होती, रेडकाचा एक पाय बाहेर आला होता आणि पुढे काही सरकत नव्हतं. मी तसाच निघालो. धुकं इतकं होतं की बोनेटच्या पुढे चार हात दिसत नव्हतं. वाटेत तो झरा आहे, त्याच्या वरचं वळण सगळ्यात उभं. तिथं इंजिनाचा काटा तांबड्याला टेकला. छोटं इंजिन, अख्खा चढ पहिल्या गिअरात, त्याला तिथं पाणी दाखवावंच लागतं. थांबलो, गिअरात टाकली, हँडब्रेक ओढला, त्याचा काही उपयोग नाही हे माहीत होतंच, आणि सवयीने डिकी उघडली. ठोकळा नव्हता. चुलतभावाच्या नावाने बोटं मोडली, दरडीच्या कडेचा एक दगड दोन्ही हातांनी उचलला आणि मागच्या चाकाखाली लावला. एका बाजूने शेवाळलेला, दुसऱ्या बाजूने फुटून कोरा झालेला. रेडिएटर थोडा निवल्यावर वरून पाणी घातलं, झाकण लावलं, सेल्फ मारला, आणि वर गेलो.

सपाटी लागली. मागे खडखड झाली नाही. खडखड झाली नाही म्हणून मी थांबलो नाही.

रेडकाची मान मागे वळलेली होती. खांद्यापर्यंत हात साबणाने चोळून आत घातला, ढकलून मागे नेलं, जबड्याला दोरी अडकवून मान सरळ केली. हे लिहायला एक ओळ लागते, करायला पाऊण तास लागला. त्या वेळात पोरीने बाकीच्या म्हशींचं दूध काढलं, कॅन अडकवले, दारातून विचारलं की काही लागतंय का, मी नाही म्हणालो आणि ती गेली. मी ओरडून सांगितलं की धुकं आहे, दमानं जा. हे सांगितल्याचं मला स्पष्ट आठवतं, कारण नंतर मी स्वतःला ते पुष्कळ वेळा आठवून दिलं आहे. रेडकू जिवंत निघालं. म्हाताऱ्याने त्याच्या नाकातला चिकटा बोटाने काढला आणि माझ्या कोपराला हात लावून नमस्कार केला. मी हात धुवायला बसलो. मी खूष होतो. चहा येईपर्यंत मी चुलतभावाची, त्याच्या गाडीची आणि बंबाची सगळी कथा म्हाताऱ्याला सांगितली. ठोकळा गेल्यामुळे आता मलाही इतरांसारखा दगड लावत फिरावं लागणार, असंही म्हणणार होतो. तेवढ्यात साखळीवरचा वॉचमन पळत आला.

कामावर येताना तो ह्याच वाटेने, खालच्या अंगाने आला होता. पोरगी झऱ्यावरच्या वळणात पडली होती. शुद्धीवर होती, पण हात उचलत नव्हती. दूध सगळं वाटेवर. चाकाच्या वाटेत कोणीतरी दगड सोडला होता.

माझे हात पाण्यात होते. मला त्याच क्षणी कळलं. आधी मनात काय आलं तेही सांगून टाकतो. मनात आलं की पोर इंजिन बंद करून न्यूट्रलला आली असणार, म्हणून पडली. दुसऱ्या क्षणाला म्हातारा म्हणाला की ही त्या रविवारच्या काळ्या गाडीवाल्यांची कामं, आणि मी तोंड उघडलं आणि त्यांना शिव्या घालायला लागलो. म्हाताऱ्यापेक्षा जास्त घातल्या. वडिलांचं ते गाढवाचं वाक्यही म्हणालो. काळ्या गाड्या त्या वाटेने आल्याच नव्हत्या, त्या साखळीकडून आल्या होत्या आणि साखळीकडूनच गेल्या होत्या. त्यांना साखळी उघडून दिलेला वॉचमन माझ्यासमोर उभा होता आणि मान खाली घालून ऐकत होता. त्याला वाटलं, मी त्यालाच बोलतोय.

म्हाताऱ्याला म्हशीपाशी थांबायला सांगितलं, रेडकामागची वार अजून पडायची होती, आणि मी एकटा गाडी घेऊन उतरलो. ती दरडीला पाठ लावून बसली होती. उजवा हात डाव्या हाताने छातीशी धरलेला, ओठ पांढरे. मोटरसायकल आडवी, कॅनची झाकणं कुठल्या कुठं, आणि झऱ्याचं पाणी पांढरं होऊन वाहत होतं. दगड वाटेत नव्हता. तिने तो पायाने ढकलत ढकलत कडेला नेला होता, मागून बाप आला तर तोही पडेल म्हणून. तसं तिने सांगितलं. मी तिच्या खांद्याजवळ बोट लावून बघितलं. गळ्याचं हाड मोडलं होतं, वरून कळत होतं. जनावराचं असो की माणसाचं, मोडलेलं हाड बोटाला सारखंच लागतं.

मी विचारलं, कशी आलीस, न्यूट्रलला?

ती म्हणाली, "न्हाई सर. तुमी बोललासा तवापासनं गिअरातच येती. म्हणून तर दरीत गेली न्हाई."

तिला गाडीत बसवायचं तर तिला धरून आणायला दोन्ही हात मोकळे हवेत, आणि गाडी उतारावर. मी डिकी उघडली आणि परत तसाच उभा राहिलो. तिने मागून विचारलं की ठोकळा कुठं हाय. मी सांगितलं, बंबात गेला.  तिने मानेने कडेचा दगड दाखवला.

"त्यो घ्या. आन् ह्या बारीला निघताना उचला."

मी तो घेतला. अर्धा शेवाळलेला, अर्धा कोरा, आणि कोऱ्या बाजूला माझ्या टायरचा काळा डाग. पुढच्या चाकाखाली लावला, तिला आणून बसवलं, गाडी हातभर मागे घेतली, गिअरात ठेवून उतरलो, दगड उचलला आणि दरीच्या बाजूला टाकला. कराडपर्यंत वळणावर गाडी हिसकली की ती श्वास आत ओढायची, तेवढाच आवाज.

दवाखान्यात हाडाचा फोटो काढायला तिला आत नेलं आणि मी बाहेर बाकावर बसलो, तेव्हा चुलतभावाचा फोन आला. सुताराकडून तसाच ठोकळा करून घेतोय, बाभळीचाच, असं तो सांगत होता. आवाज पडलेला होता. मी त्याला म्हणालो की ठोकळ्याचं राहू दे, तुमच्या लोकांनी वाटेत सोडलेल्या दगडावर पडून एका पोरीचं हाड मोडलंय, तिची भरती गेली. हे मी शांतपणे म्हणालो. मला कोणी विचारलं नव्हतं. एवढ्या वर्षांत त्याच्यावर ओढलेल्या कोरड्यांत हा सगळ्यात सोपा होता, आणि मी तो सोडला नाही.

डॉक्टरने दोन्ही खांद्यांवरून मागे पट्टा आवळला आणि उजवा हात झोळीत टाकला. सहा आठवडे हात वर करायचा नाही, वजन उचलायचं नाही. मैदानी परीक्षा चौथ्या आठवड्यात होती. डॉक्टरला तिने दोनदा विचारलं की डाव्या हाताने गोळा टाकला तर चालेल का. त्याला वाटलं, ही चेष्टा करतेय. परीक्षेच्या दिवशी ती वाड्यावरच होती. त्या दिवशी मी काहीतरी निमित्त काढून वर गेलो, लस टोचायची आहे म्हणालो. ती दारात बसून डाव्या हाताने ताक घुसळत होती. कातळावरची रेघ पावसाने आणि गुरांच्या पायाने पुसली होती. तिने कोणाला काही सांगितलेलं नव्हतं. म्हातारा आल्यागेल्याला काळ्या गाड्यांची गोष्ट सांगत होता, आणि मी तिथं असलो तर साक्षीला मला घेत होता. मी हो ला हो म्हणत होतो. पुढची जाहिरात कधी निघेल कोणी सांगू शकत नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी चुलतभाऊ आला. एकटा. काळी गाडी त्याने खाली दवाखान्यापाशी लावली आणि म्हणाला, मला डबीतून वर ने. पुढच्या सीटवर गुडघे हनुवटीला लागतील असा तो बसला होता. मांडीवर नवा ठोकळा, आणि पायांत एक जड पिशवी. झऱ्याच्या वळणावर मी थांबलो, तेव्हा तो न सांगता उतरला, ठोकळा लावला, आणि मी वर सपाटीला जाईपर्यंत तो मागून ठोकळा उचलून हातात घेऊन चालत आला. ठोकळ्याला दोरी होती, हुकाला बांधली असती तर तो ओढत आला असता. त्याला ते माहीत नव्हतं. घामाने भिजलेला तो माणूस धापा टाकत गाडीत बसला आणि मी मनातल्या मनात त्याच्या पोटाला हसलो. तेव्हासुद्धा.

वाड्यात तो पोरीपुढे हात जोडून उभा राहिला. म्हणाला की आमच्या माणसांची चूक झाली, आम्ही दगड लावला की नाही हे मला आठवत नाही, पण लावला असेल, आम्हाला कुठं उचलायची सवय आहे. मग त्याने पिशवीतून लोखंडी गोळा काढला. चार किलोचा, नवा, सांगलीतल्या खेळाच्या दुकानातून आणलेला. पट्टा आवळलेल्या, एक हात झोळीत असलेल्या पोरीसमोर त्याने तो घोंगडीवर ठेवला, आणि ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. एरवी ह्या एका गोष्टीवर मी वर्षभर त्याची टर उडवली असती.

ती गोळ्याकडे बघत होती. मग डावा हात त्याच्यावर ठेवून तिने तो थोडा गडगडवला.

"दादा, दगड तुमचा न्हवता," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने विचारलं, मग कुणाचा. तिने गोळा परत थोडा गडगडवला. माझ्याकडे बघितलंही नाही. नजर गोळ्यावरच होती, आणि जागा मात्र तिने मला करून दिली होती. ती पहिल्यांदा करून दिलेली नव्हती, झऱ्यावरही दिली होती, आणि मी ती महिनाभर वापरली नव्हती. मी सांगितलं. दगड मी लावला होता, सपाटीला थांबलो नाही, वॉचमन सांगायला आला तेव्हाच मला कळलं होतं.  चुलतभाऊ माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तो नुसता गोंधळला होता, कारण मी असं काही करेन हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं.

 मागे गोठ्यात ते रेडकू आईला ढुशा देत होतं. पोरीने चहा गाळला, डाव्या हाताने, पहिला कप मला दिला. म्हाताऱ्याने तोंडातली तंबाखू बाहेर जाऊन थुंकली, आत आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"दगड ऱ्हातो, डॉक्टर," तो म्हणाला. "मानसाच्या हातनं ऱ्हातो. पर मग तवा तुमी त्येस्नी शिव्या कशाला दिल्यासा?"

मी चहाच्या कपात बघत राहिलो. त्यावर साय धरत होती. चुलतभाऊ उठला, माझ्या पुढ्यातली गाडीची किल्ली घेतली आणि बाहेर जाऊन डबीच्या मागच्या हुकाला ठोकळ्याची दोरी नीट आवळून बांधत बसला.